फिफ्टी-वनचं वय काढताना

जुन्या पेनांतलं थोडंफार कळतं अशी आपली ख्याती होऊ देऊ नये. एकदा का ती झाली की लग्नाच्या पंगतीत, बाराव्याला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठेही कुणीतरी रुमालात गुंडाळलेली वस्तू काढून म्हणतं, "आजोबांचं पार्कर आहे. जरा बघा ना, कधीचं आहे ते?" मोबाइलवर फोटो पाठवणारे त्याहून भारी. फोटोत टेबलक्लॉथवरची फुलं स्वच्छ दिसतात, पेन धूसर.

वस्तू बहुधा पार्कर ५१ असते. निब हुडाखाली जवळजवळ झाकलेली, टोपण धातूचं, क्लिप बाणाची. मालकाने गणित आधीच सोडवलेलं असतं: "५१ आहे, म्हणजे एक्कावन्न सालचं." नाही हो. पार्कर कंपनी १८८८ सालची. पेन घडत होतं तेव्हा १९३९, म्हणजे कंपनीचं एक्कावन्नावं वर्ष चालू होतं, म्हणून ते ५१. अमेरिकेत विक्रीला आलं १९४१ मध्ये आणि पुढे १९७२ पर्यंत बनत राहिलं. सगळ्यांचं नाव ५१च. एवढं ऐकूनच समोरच्याचा चेहरा उतरतो, आणि मी तर अजून भिंगही बाहेर काढलेलं नसतं.

दुसरा घाव आजोबांवर पडतो. "१९३५ साली मॅट्रिकला पहिले आले, तेव्हा कलेक्टरसाहेबांनी दिलं" ही कथा घरात तीन पिढ्या चाललेली असते. जे पेन १९४१ च्या आधी दुकानात नव्हतं, ते १९३५ मध्ये बक्षीस कसं मिळेल? पण हे मुंज लागलेल्या मांडवात सांगता येत नाही. अशा वेळी मी म्हणतो, बक्षिसाचं पेन वेगळं असेल, हे त्यांनी नंतर घेतलं असेल. आजोबाही वाचतात आणि जेवणही.

आपल्याकडे याच्याही आधी एक नाजूक पायरी असते, ती म्हणजे हिरो. चीनच्या हिरो ६१६ ने ५१ चा चेहरामोहरा जसाच्या तसा उचलला. हिरोचा अपमान करायचा माझा हेतू नाही. परीक्षांच्या दिवसांत मराठी मुलांना पार्करपेक्षा त्यानेच जास्त साथ दिली. पण लॉकरमध्ये ठेवायची ती वस्तू नव्हे. टोपणाची खालची कड भिंगाखाली फिरवून वाचावी. तिथे पार्करचं नाव आणि देश हवा. चिनी अक्षरं निघाली तर विषय तिथेच आटोपतो आणि चहा मिळायची आशाही. नुसत्या नावावर मात्र जाऊ नये, नाव कुणीही कोरतं. ५१ ची निब बहुधा चौदा कॅरट सोन्याची, तीही बघावी.

खरं पार्कर ठरलं की शेपटाकडे बघायचं. टोकाजवळ बारीक सांध्याची रेघ असेल तर ती छोटी टोपी फिरवून निघते आणि खाली शाई भरायचा दट्ट्या दिसतो. हे व्हॅक्युमॅटिक. दट्ट्या ॲल्युमिनियमचा असेल तर पेन अगदी सुरुवातीचं, प्लॅस्टिकचा असेल तर साधारण १९४२ पासून पुढचं. रेघच नसेल तर मागची नळी हळू फिरवावी. आत धातूचं म्यान आणि त्यात दाबायची पट्टी दिसली तर ते एरोमेट्रिक, म्हणजे १९४८ किंवा नंतरचं. "हळू" हा शब्द मी तीनदा उच्चारतो, तरी समोरच्या काकांच्या हातात तोवर पक्कड आलेली असते. व्हॅक्युमॅटिकची नळी अशी ओढून निघायची नसते. ती फुटली की वयाचा प्रश्न राहत नाही.

आता मुख्य परीक्षा. अमेरिकन पेनाच्या नळीवर, कंपनीच्या कोरीव मजकुराजवळ, एक आकडा असतो: वर्षाचा शेवटचा अंक. त्याच्या आजूबाजूला ठिपके. तीन ठिपके म्हणजे पहिली तिमाही, दोन म्हणजे दुसरी, एक म्हणजे तिसरी आणि ठिपका नाही म्हणजे चौथी. तिमाही पुढे सरकली की साच्यातला एक ठिपका घासून टाकायचा, असा सुटसुटीत हिशेब. म्हणजे ४ आणि दोन ठिपके दिसले तर १९४४ ची दुसरी तिमाही. १ दिसला तर १९४१ की १९५१? तिथे शाई भरायची यंत्रणा साक्षीला येते: व्हॅक्युमॅटिक असेल तर पहिलं, एरोमेट्रिक असेल तर दुसरं. ८ ला मात्र साक्षीदार लागत नाही, १९४८ मध्ये दोन्ही प्रकार निघाले तरी वर्ष तेच. पुढे पन्नाशीच्या दशकात हे आकडे बंद झाले आणि इंग्लंडच्या पेनांचा हिशेब वेगळाच.

आकडा दिसेल तर ना! टॉर्च वरून मारला की काही दिसत नाही. बाजूने, जवळजवळ आडवा धरावा, म्हणजे खाचांत सावली पडते. पांढरा खडू हलक्या बोटाने फिरवून पुसला तर अक्षरं भरून येतात. भिंग दहापटीचं पुरे. ठिपका आणि ओरखडा यांत फरक असा की ठिपका गोल असतो आणि ओरखडा मालकाला हवा तिथे असतो.

हे सगळं तेव्हाच, जेव्हा घरातल्या कुणी पेन "चकचकीत" केलेलं नसेल. पॉलिशवाल्याच्या चाकावर ज्या दिवशी नळी चढते त्या दिवशी जन्मदाखला जातो. टोपण सोन्याचा पातळ पत्रा चढवलेलं असेल तर चिंच आणि राख लावून घासणाऱ्या मावशी सोनं उतरवून पितळ काढतात आणि वर विचारतात, "आता कसं दिसतंय?"

यापुढे खरी पंचाईत. टोपणं हरवतात, निबा वाकतात, दुरुस्तीवाला दुसऱ्या पेनातून काढून बसवतो. क्लिपवर निळा हिऱ्याचा आकार असेल तर टोपण साधारण १९४७ पर्यंतचं. तो कंपनीच्या आयुष्यभराच्या हमीची खूण होता. आता ते टोपण एरोमेट्रिक नळीवर दिसलं तर काय म्हणायचं? डोकं बहुधा धडापेक्षा थोरलं. शक्य तिथे वर्ष एक सांगू नये, भागनिहाय सांगावं. नळीवर कोरलेली "सेवानिवृत्ती, १९५८" ही ओळही एवढंच सांगते की पेन त्याच्या नंतरचं नाही. दहा वर्षं दुकानात पडून राहिलेली पेनंही लोक कौतुकाने घेतात. आणि कोरलेल्या नावाने संग्राहक भाव पाडतो, हे तर त्या घरात बोलायचंच नाही.

मग "चालतं का बघा." निबेचं टोक रात्रभर थंड पाण्यात उभं ठेवावं, गरम पाणी नको. व्हॅक्युमॅटिकचं टोक पाण्यात बुडवून दट्ट्या दहा वेळा सावकाश दाबावा. बुडबुडे नाहीत तर आतला रबरी पडदा फाटलाय, तो नवा बसतो. एरोमेट्रिकच्या आतली पारदर्शक पिशवी मात्र सत्तर वर्षांनीही बहुधा धडधाकट निघते, ती काळवंडली म्हणून कुणाला बदलू देऊ नये. म्यानावर सुपरक्रोम शाई भरा असं लिहिलेलं असेल तर तो सल्ला ऐकू नये. त्या शाईने पेनाचे आतले भाग कुरतडले. चायना इंक तर नकोच, तिच्यातली लाख वाळून जीभ बंद करते. साधी निळी शाई भरावी, दोन पानं लिहावीत, नाहीतर धुऊन कोरडं ठेवावं.

हे सगळं मी सांगतो, समोरचा मान डोलावतो. आठवड्याने निरोप येतो: "पेन लॉकरमध्ये ठेवलंय, काळजी नको. शाई भरूनच ठेवलंय, म्हणजे कधी लागलं तर तयार."