अंगासरशा इंडिकेटरांचे माहात्म्य

नवी दुचाकी घरी आली, तिच्या चाकाखाली लिंबू चिरडून झाले आणि हँडलवरचा हार वाळला, की सुज्ञ मालकाने कोणताही विलंब न करता तिचे इंडिकेटर काढून टाकावेत. कंपनीने गाडीच्या चार कोपऱ्यांवर रबरी देठांच्या टोकाशी लावलेले ते चार पिवळे दिवे लांबूनही दिसतात, आणि नेमका तोच त्यांचा दोष आहे. देठ बाहेर आलेले असल्यामुळे दिवा बाजूने येणाऱ्यालाही दिसतो, हेडलाइटच्या झोतात हरवत नाही, डावा कोणता आणि उजवा कोणता हे मागच्याला चटकन कळते, आणि गाडी आडवी झाली तरी रबर वाकून पुन्हा सरळ होते. इंडिकेटर बाहेरच्या बाजूला ८० अंशांपर्यंत दिसला पाहिजे असे आंतरराष्ट्रीय मानके सांगतात. हे सारे मागच्या रिक्षावाल्याच्या सोयीचे झाले. गाडीचे हप्ते मात्र तुम्ही भरता.

शिवाय आपण कोठे वळणार आहोत हे चार अनोळखी माणसांना आधी कळवण्याचे कारणच काय? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला आहे. तो अधिकार चौकात येऊन का संपावा? पिवळा दिवा लावून आपला बेत जाहीर करणारा मनुष्य उद्या घरचा जमाखर्चही फलकावर लिहील.

तेव्हा पुण्यात असाल तर थेट नाना पेठ गाठावी, अन्यत्र असाल तर गावातील जे दुकान बाहेरून सर्वांत झगझगीत दिसते तेथे जावे आणि फेअरिंगच्या, म्हणजे गाडीवरच्या प्लास्टिकच्या आवरणाच्या, अंगासरशी बसणारे, धुरकट काचेचे, बोटभर रुंदीचे एलईडी इंडिकेटर मागावेत. दुकानदार पाकीट पुढे करून ‘सगळ्या गाड्यांना बसतात’ असे सांगेल, त्यावर श्रद्धा ठेवावी. माल पारखण्याची कसोटी सोपी आहे: भर दुपारी उन्हात गाडी उभी करून इंडिकेटर लावावा, आणि तो लागला आहे की नाही हे पाहण्यासाठी स्वतः तुम्हालाच गुडघे टेकून काचेवर हाताची सावली धरावी लागली, तर वस्तू अस्सल आहे असे समजावे. तुमच्या गाडीला फेअरिंगच नसेल तरी निराश होऊ नये. टाकीच्या बाजूच्या प्लास्टिकला ड्रिलने भोक पाडता येते, आणि भोक मोठे झाले तर एम-सील आहेच.

खरी गंमत वायरिंगमध्ये आहे. मूळचे बल्ब बहुधा दहा-दहा वॅटचे असतात आणि फ्लॅशरचा, म्हणजे दिवा लुकलुकवणाऱ्या डबीचा, जुन्या पद्धतीचा रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) तेवढ्या विजेच्या हिशेबानेच लुकलुकतो. त्याला एक-दोन वॅटची एलईडी जोडली की तो गोंधळतो, आणि आपल्या जातीनुसार एकतर दिवा नुसताच पेटता ठेवतो किंवा ताप चढल्याप्रमाणे फडफडवतो. मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा लुकलुकावे असा संकेत आहे. पण तुमच्या घाईला असले वेळापत्रक कशाला? एलईडीसाठी बनवलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवला तर हा दोष थोडक्या पैशांत दूर होतो, म्हणून तो मार्ग टाळावा. त्याऐवजी प्रत्येक इंडिकेटरला एक रेझिस्टर जोडून घ्यावा, म्हणजे एलईडीने वाचवलेली वीज रेझिस्टर इमानेइतबारे जाळून टाकतो आणि हिशेब जिथल्या तिथे राहतो. हा रेझिस्टर चांगलाच तापतो, त्यामुळे तो प्लास्टिकच्या पट्टीने प्लास्टिकच्याच फेअरिंगला घट्ट बांधावा.

ज्यांच्या मीटरमध्ये डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी मिळून एकच हिरवा दिवा आहे, त्या भाग्यवंतांना आणखी एक प्रसाद मिळतो. तो दिवा दोन बाजूंच्या मधोमध जोडलेला असतो आणि त्याची वीज पलीकडच्या बाजूच्या बल्बांतून परत जाते. इतक्या किरकोळ विजेने जुना बल्ब पेटत नसे, एलईडी मात्र पेटते. परिणामी तुम्ही डावा इंडिकेटर द्या की उजवा, चारही दिवे एकदम लुकलुकू लागतात. मेकॅनिक दोन डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे तुकडे, टाकून हे बंद करण्याची भाषा करील; त्याला नम्रपणे थांबवावे. डावे-उजवे हा भेदच मिटलेला असताना तो पुन्हा उकरून काढण्यात काय हशील? मागच्याला एवढे कळले पुरे की काहीतरी घडणार आहे.

कायद्याची भीती घालणारे भेटतील. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ ते तोंडपाठ म्हणून दाखवतील, आणि नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात, असे बजावतील. तरतूद खरी आहे. मात्र चार इंडिकेटर म्हणजे एक बदल की चार, हा तात्त्विक प्रश्न हवालदारासमोर आपण होऊन उपस्थित करू नये.

आता प्रत्यक्ष वळायचे कसे, अशी शंका अजूनही कोणी काढील. मागे बसलेल्याने हात बाहेर काढून बोटे हलवावीत, एकटे असाल तर पाय किंचित पसरावा, आणि दोन्ही हात-पाय गुंतलेले असतील तर सरळ वळावे. मागून येणारा ब्रेक दाबतोच, आणि दाबताना जे काही बोलतो ते हेल्मेटमुळे नीट ऐकू येत नाही.

मूळचे चार इंडिकेटर मात्र फेकू नयेत. १५ वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत तपासायला न्यावी लागते, आणि त्याआधी विकायची झाली तर गिऱ्हाईक प्लास्टिकला पाडलेल्या भोकावरून बोट फिरवत किंमत पाडते. म्हणून ते वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवावेत, आणि कोणता डावा व कोणता उजवा हे वर पेनाने लिहून ठेवावे, कारण तोवर ते गाडीला आणि तुम्हाला, दोघांनाही आठवणार नाही.