बॅटरी बघितलीत का?

आमची गाडी 1996 सालची. तिचं 15 वर्षांचं रजिस्ट्रेशन 2011 सालीच संपलं. तेव्हापासून दर पाच वर्षांनी पर्यावरण कर भरून मी आरटीओकडून तिचं आयुष्य वाढवून आणतो. या उपकारांची फेड ती पावसाळ्यात करते.

परवा रविवारी ठाण्याला भाचीचा साखरपुडा होता. अकराचा मुहूर्त. चेंबूरमध्ये रात्रभर धो धो कोसळला होता. नऊ वाजता मी कडक इस्त्रीचा कुर्ता घालून स्टिअरिंगवर, शेजारी बायको, मागे आई आणि तिच्या मांडीवर पेढ्यांचा खोका. किल्ली फिरवली. खुर्र-खुर्र-खुर्र. सेल्फ ठणठणीत, इंजिन मात्र पेटायला तयार नाही. चोक ओढला, चोक आत ढकलला, कुलदैवताला साकडं घातलं. खुर्र-खुर्र-खुर्र.

आमच्या सोसायटीच्या सभेला कधी कोरम भरत नाही. पण या आवाजाने दोन मिनिटांत बोनेटभोवती अकरा सभासद जमले. तिसऱ्या मजल्यावरचे काका तर चहाचा कप हातात घेऊनच उतरले.

"बॅटरी बघितलीत का?"

"काका, बॅटरी गेली असती तर सेल्फ फिरलाच नसता."

"ते खरं हो. पण एकदा बघून घ्या."

कोणी म्हणालं पेट्रोलमध्ये कचरा आलाय, कोणी म्हणालं उंदराने वायरी कुरतडल्यात. सेक्रेटरींनी एसी बंद करून बघायला सांगितलं. गाडीला एसीच नाही, हे ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे मेंटेनन्स थकलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. मी आपला दर सूचनेनंतर, आशेने, एकदा सेल्फ मारून बघत होतो.

शेवटी बायकोने गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजमधून मिस्त्रीला आणलं. त्याने काही उघडलं नाही. नुसतं नाक पुढे केलं.

"पेट्रोल येतंय, साहेब. वास बघा."

मग प्लग काढून दाखवला. टोक ओलंचिंब, पेट्रोलने माखलेलं. म्हणजे पेट्रोल पोचतंय, पेटत नाहीये. तोच प्लग वायरीला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि मला सेल्फ मारायला लावला. ठिणगीचा पत्ता नाही. मग कॉइलची जाड वायर पकडीत धरून लोखंडाजवळ नेली. "मारा." चट् चट् चट्! निळी, लखलखीत ठिणगी. काका दोन पावलं मागे सरकले, चहा माझ्या कुर्त्यावर.

"कॉइल पास," मिस्त्री म्हणाला.

म्हणजे करंट कॉइलमधून निघतो, पण चार प्लगांपैकी एकाच्याही घरी पोचत नाही. माझ्या पगाराचंही बरीच वर्षं असंच चाललंय, पण तो कुठे गळतो हे दाखवणारा मिस्त्री मला भेटलेला नाही. इथे मधलं स्टेशन एकच: कॉइलचा करंट चारही प्लगांना वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर. दोन क्लिपा उचकटून त्याने वाटीएवढी काळी कॅप काढली. आत भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला असतात तसे पाण्याचे थेंब. आणि दोन धातूच्या टोकांच्या मधे, पेन्सिलीने ओढावी तशी एक केसाएवढी बारीक काळी रेघ. प्लगकडे जायचं सोडून करंट त्या ओल्या पायवाटेने पळत होता. पावसाळा सोडून बाकी आठ महिने गाडी शहाण्यासारखी का वागते, तेही कळलं.

"ड्रायर आहे का घरी?"

बायकोने वरून हेअर ड्रायर आणला. लग्नाला बावीस वर्षं झाली, तो मला कधी मिळालेला नाही. माझ्या डोक्यावर वाळवण्याजोगं काही उरलेलं नाही, हेही खरंच. तळमजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशन घेतलं आणि कॅपची साग्रसंगीत सरबराई झाली. मिस्त्रीने पॉलिश पेपरने ती रेघ घासली, कॅप बसवली आणि बजावलं, "आजचा दिवस निघेल. नवीन कॅप कुर्ल्याला, सीएसटी रोडला बघा. मिळाली तर."

सगळे श्वास रोखून उभे. मी किल्ली फिरवली.

टक्.

खुर्र नाही, काही नाही. नुसतं टक्. तासभर सेल्फ मारमारून मी बॅटरीत काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

काकांनी रिकामा कप बोनेटवर ठेवला. "मी पहिल्यापासून सांगत होतो."

मग धक्का. आई आणि बायको खाली उतरल्या, अकरा सभासद मागे लागले. मी दुसरा गियर टाकून क्लच दाबून धरला आणि गाडीने वेग घेतल्यावर सोडला. एक आचका, काळा धूर, आणि गाडी गुरगुरायला लागली. आता तिला थांबवायची माझी छाती होईना, म्हणून बिल्डिंगभोवती फेऱ्या सुरू केल्या. पहिल्या फेरीत बायकोने चालत्या गाडीत उडी मारली. दुसऱ्या फेरीला आई पुढे आली. तीस वर्षं सकाळची आठ बाराची लोकल पकडलेली बाई ती. खोका छातीशी धरला, दाराची कड पकडली आणि सराईतपणे आत.

गेटमधून बाहेर पडताना मागून काकांची हाक आली, "सिग्नलला बंद करू नका हो! बॅटरी गेलीय!"