आधी दगड बघा, मग डायनासोर

आत्याने राजापूरहून घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज आता तिच्या नातवाच्या शाळेच्या प्रकल्पात शिरलाय, म्हणून लिहितोय. एरवी सोडून दिला असता. मेसेज म्हणतो: कातळशिल्पांत डायनासोर कोरलेत, म्हणजे ते पाहिलेली माणसं कोकणात होती. डायनासोर संपल्यावर इथे लाखो वर्षं जीवच नव्हता. कोकण समुद्रातून वर आलं. आणि गोल दगड ही त्यांची अंडी, फोडून बघा.

चित्रातला प्राणी कोणता, यावर भांडायची गरजच नाही. तो कोरलाय कशावर? जांभ्यावर. जांभा म्हणजे थिजलेला लाव्हा नव्हे. लाव्हाचा झाला काळा कातळ, बेसाल्ट. ते लोट वाहत होते त्याच काळात, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर संपले. पुढे पृथ्वी आणखी तापली. उष्णतेने आणि पावसाने बेसाल्टमधली सिलिका, चुना धुऊन गेला, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं. तो जांभा. या कामाला कोट्यवधी वर्षं लागली. म्हणजे डायनासोर होते तेव्हा हा सडा, हे जांभ्याचं सपाट पठारच, नव्हता! आणि कोरणारे हात, फार ताणलं तरी, वीसेक हजार वर्षांपूर्वीचे.

आज इथे नसलेले प्राणी शिल्पांत दिसतात, हे मात्र मान्य करावं लागेल. गेंडा, पाणघोडा ओळखल्याचं अभ्यासक सांगतात. त्यात अशक्य काही नाही. पाणघोड्याचे जीवाश्म नर्मदेच्या खोऱ्यात मिळालेत, गेंड्याची हाडं गुजरातेत लांघणजला. पण गेंडा म्हणजे डायनासोर नव्हे, आत्या.

'जीवच नव्हता' म्हणणाऱ्यांनी मुंबईचा बेडूक बघावा. लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्यातल्या गाळात, वरळीला, इवल्या बेडकांचे सांगाडे सापडले. डायनासोर गेल्यानंतरचे. त्यांचं वर्णन १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी केलं, म्हणजे ज्यांनी 'डायनासोर' हे नाव ठेवलं त्यांनीच. सोबत कासवंही होती. रत्नागिरीत तर जांभ्याखालच्या चिकणमातीत कोळसा झालेलं लाकूड मिळतं. ही झाडं काय निर्जीव वाळवंटात उगवली?

समुद्राचं म्हणाल तर वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, पाणी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होतं. नंतर ते चढलं आणि किनारपट्टीची जमीन बुडाली. मेसेजच्या नेमकं उलट.

डोकं फिरतं ते अंड्यांवर. बेसाल्ट कडेकडेने कुजतो, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि मधे गोल गाभा राहतो. रस्त्यासाठी डोंगर कापला की असे गोळे कुठेही दिसतात. खरी अंडी गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला मिळाली, लाव्हाच्याही खाली असलेल्या थरांत. ते थर कोकणात उघडे पडलेलेच नाहीत. पण 'फोडून बघा' वाचून पोरं पहार घेऊन सड्यावर जातील, तिथली शिल्पं फार खोल नाहीत. युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ साली गेलेला ठेवा एका फॉरवर्डपायी खरवडला जायला नको. ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी निदान ती ओळ तरी काढा.