"रेफरी काढा, मशीन बसवा" म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज फिरतोय, आमच्या सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या फुटबॉलच्या ग्रुपांवर तर जो तो पुढे ढकलतोय. म्हणणं थोडक्यात असं: रेफरी एकतर आंधळे नाहीतर विकलेले, कॅमेरा कधी चुकत नाही, टेनिसने लाईनवरची माणसं काढली मग फुटबॉलने का नाही, व्हीएआर (वेगळ्या खोलीत बसून व्हिडिओ बघून मैदानातल्या रेफरीला मदत करायची पद्धत) फसला तो त्यात माणूस बसवला म्हणून, कतारमध्ये मशीन असती तर इंडिया वर्ल्ड कप क्वालिफायरच्या पुढच्या राउंडला गेली असती, आणि आता एआय एवढं स्वस्त झालंय की गावच्या स्पर्धेतही रेफरी लागणार नाही. खाली नेहमीप्रमाणे "पटलं तर पुढे पाठवा". मला पटलं नाही, आणि का नाही ते नीट सांगतो.

मी स्वतः शिरोडा-रेडीकडच्या स्पर्धांत शिट्टी घेऊन उभा असतो, तेव्हा हा आपल्याच माणसांची बाजू घेणार असं आधीच ठरवू नका. बॉल लाईनच्या पार गेला की नाही, खेळाडू ऑफसाइड (पास सुटताना बचावाच्या फळीच्या पुढे) होता की नाही, हे मशीनने खुशाल सांगावं, जिथे परवडतं तिथे आजच्या आज सांगावं. मशीन येण्याला माझी हरकत नाहीच, माणूस हटवण्याला आहे.

आधी कतारचं घेतो कारण ते अजून जिव्हारी लागलेलं आहे. ११ जून २०२४, दोहा. ३७ व्या मिनिटाला छांगटेचा गोल, आपण पुढे, आणि ७३ व्या मिनिटाला आपला कीपर गुरप्रीतने अडवलेला बॉल सरळ सरळ गोललाईनच्या बाहेर गेला, कतारच्या एकाने तो पायाने आत ओढला, युसुफ आयमनने जाळ्यात घातला आणि रेफरीने गोल दिला, लाईनमनचा झेंडाही वर गेला नाही. पुढे ८५ व्या मिनिटाला दुसरा गोल खाऊन आपण २-१ हरलो आणि बाहेर. ती चूक भयंकर होती, तिला दुसरं नाव नाही. पण बघा, क्वालिफायरच्या त्या टप्प्यात व्हीएआर नव्हताच. टीव्हीचे कॅमेरे होते, घरी बसलेल्या आपल्याला रिप्ले दिसत होता, ज्याने निर्णय द्यायचा फक्त त्यालाच तो बघायची सोय नव्हती. त्या रेफरीसमोर एक स्क्रीन ठेवली असती तर दहा सेकंदांत गोल रद्द झाला असता. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, नुसती गोललाईनची मशीन लावून तिथे काहीच झालं नसतं, कारण ती मशीन दोन खांबांच्या मधून बॉल गेला का तेवढंच बघते आणि हा बॉल खांबाच्या बाहेरून गेला होता. तो बाहेर गेलाय हे बघून ठरवणारा माणूसच लागला असता.

बरं, "मशीन असती तर पुढे गेलो असतो" हेही इतकं सोपं नाही. त्याच दिवशी कुवेतने अफगाणिस्तानला हरवलं होतं, म्हणजे आपल्याला ड्रॉ चालणार नव्हता, जिंकायलाच हवं होतं. आणि त्याआधी मार्चमध्ये गुवाहाटीत, आपल्या घरी, आपण अफगाणिस्तानकडून २-१ हरलो होतो. सगळं खापर एका शिट्टीवर फोडलं की बाकीचे सगळे सुटतात, म्हणून मला ते खटकतं.

आता "कॅमेरा चुकत नाही". १७ जून २०२०, कोविडच्या ब्रेकनंतर इंग्लंडच्या प्रीमियर लीगची पहिलीच मॅच, अॅस्टन व्हिला विरुद्ध शेफिल्ड युनायटेड. फ्री किकवर आलेला बॉल घेऊन व्हिलाचा कीपर नायलँड मागे जाता जाता लाईनच्या पूर्ण आत गेला, सगळ्यांनी बघितलं, आणि गोललाईनच्या मशीनला जोडलेलं रेफरीच्या मनगटावरचं घड्याळ वाजलंच नाही. नंतर मशीनवाल्या कंपनीने माफी मागितली, की सातही कॅमेऱ्यांच्या आड खेळाडू आणि खांब आले. मॅच ०-०. सीझनच्या शेवटी व्हिला ३५ पॉइंटवर वाचली आणि बोर्नमथ ३४ पॉइंटवर खालच्या लीगमध्ये गेली. त्याच कंपनीने सांगितलं की नऊ हजारांवर मॅचमध्ये असं पहिल्यांदाच झालं, आणि ते मी मानतो, म्हणून तर ती मशीन राहावी असंच म्हणतो. पण रेफरीसकट सगळे त्या घड्याळावर विसंबून होते म्हणून डोळ्यांनी दिसलेलं कुणी बोललं नाही, हाही त्या दिवशीचाच भाग आहे आणि मेसेजात तो कुठेच नाही.

टेनिसचं उदाहरण तर उलटंच पडतं. विम्बल्डनने २०२५ मध्ये लाईन जज काढले, आणि त्याच वर्षी ६ जुलैला सेंटर कोर्टवर पाव्ल्युचेन्कोवाच्या मॅचमध्ये समोरच्या सोनाय कार्टलचा शॉट बाहेर पडला तरी सिस्टीम गप्प, कारण कोर्टच्या त्या भागाची सिस्टीम कुणीतरी चुकून बंद केली होती. पॉइंट परत खेळवला, आयोजकांनी माफी मागितली. म्हणजे माणसाची चूक कोर्टवरून उठून बटणापाशी गेली इतकंच. शिवाय तिथेही खुर्चीवरचा अंपायर आहेच, त्याला कुणी हटवलेलं नाही. आणि टेनिसमध्ये मशीनला विचारायचं काय, तर बॉल आत की बाहेर. फुटबॉलमध्ये शिट्टी ज्यासाठी वाजते त्यातलं बरंचसं आत-बाहेर या प्रकारातलं नसतंच.

इथे जरा थांबतो, कारण सगळा घोळ इथेच आहे. युरो २०२४, युरोपातल्या देशांची स्पर्धा, आठवा. २९ जूनला डॉर्टमुंडमध्ये जर्मनी-डेन्मार्क. डेन्मार्कच्या अँडरसनचा गोल साथीदाराच्या बोटभर ऑफसाइडमुळे रद्द झाला, आणि काही मिनिटांतच राउमचा क्रॉस त्याच अँडरसनच्या हाताला लागला. बॉलमधल्या सेन्सरचा ग्राफ टीव्हीवर दाखवला, टोक वर गेलं, हाताला लागलाय हे सिद्ध. पेनल्टी, हॅवर्ट्झचा गोल. आता पुढची मॅच, ५ जुलै, स्टुटगार्ट, जर्मनी-स्पेन. मुसियालाचा शॉट कुकुरेयाच्या हातावर आदळला, तो लागलाय की नाही यावर कुणाचं दुमत नव्हतं, साध्या डोळ्यांना दिसत होतं, आणि पेनल्टी नाही! स्पेन पुढे गेला आणि कप घेऊन आला, आणि सप्टेंबरमध्ये युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, सांगितलं की ती पेनल्टी द्यायला हवी होती. एकच स्पर्धा, तेच कॅमेरे, तोच सेन्सरवाला बॉल. मशीनने दोन्ही वेळा तिचं काम चोख केलं असं धरा, हाताला लागला हे सांगितलं. पुढचा प्रश्न हात नैसर्गिक होता का, की शरीर अनैसर्गिकपणे मोठं केलं, आणि तो ग्राफवर दिसत नाही. एआयला शिकवून ठेवू म्हणता, पण शिकवणार कशावर? आजवरच्या रेफरींनी दिलेल्या निर्णयांवरच ना? म्हणजे ज्यांना काढायचंय त्यांचेच निर्णय, अँडरसनचा पण आणि कुकुरेयाचा पण, एकाच पोत्यात.

फाउलचंही तसंच. नियम तीन पायऱ्या सांगतो, निष्काळजीपणा असेल तर नुसती फ्री किक, बेदरकारपणा असेल तर यलो, जास्तीची ताकद लावली तर रेड. गेल्या मे महिन्यात आमच्याकडे मळ्यातल्या मैदानावर सात-सातची स्पर्धा होती, पेडण्याकडची पण एक टीम आलेली. त्यांचा विंगर बॉल घेऊन लाईनला लागून पळतोय, तिसऱ्या मॅचपर्यंत फक्की पार पुसून गेलेली, आणि आमच्या गावचा डिफेंडर घसरत आला, बॉलला पाय लागला खरा, पण गुडघा ताठ, बुटाचा तळवा वर, आणि तो तळवा त्या पोराच्या घोट्यावर. मी दोन-तीन पावलांवर होतो, मला तळवा दिसला, आवाज आला, मी यलो काढलं. लोक उठलेच, "रे मेल्या, डोळे खंय ठेवलंस? बॉल आधी लागलो!" संध्याकाळी कुणीतरी मोबाईलवरचा व्हिडिओ टाकला, मागच्या बाजूने काढलेला, त्यात पाय बॉलला लागताना स्वच्छ दिसतो आणि तळवा अजिबात दिसत नाही, झालं, रेफरी चुकला. पण बॉल आधी लागला म्हणजे फाउल नाही असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही, आणि तो व्हिडिओ खोटा नसूनही त्यातून निर्णय देता आला नसता. त्या पोराने पुढची मॅच घोट्याला पट्टी बांधून बाहेर बसून बघितली.

आपल्या आयएसएलचंच (इंडियन सुपर लीग) घ्या. ३ मार्च २०२३, बेंगळुरू, केरला ब्लास्टर्सविरुद्धची प्लेऑफ, एक्स्ट्रा टाइममध्ये बेंगळुरूच्या छेत्रीने समोर खेळाडूंची भिंत उभी राहायच्या आत फ्री किक मारली आणि गोल, ब्लास्टर्स मैदान सोडून गेले, त्यांना ४ कोटींचा दंड झाला. तिथे वाद होता रेफरीने थांबायला सांगितलं होतं का, क्विक फ्री किकची परवानगी होती का याचा. यात मोजायचं काय आणि कुठल्या कॅमेऱ्याने?

व्हीएआर माणसामुळे फसला, हा मेसेजातला सगळ्यात दमदार मुद्दा, त्याला टाळत नाही. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम-लिव्हरपूल, लिव्हरपूलच्या लुईस दियाझचा गोल मैदानावर ऑफसाइड दिला होता, व्हीएआरने लाईन काढून बघितलं तर ऑनसाइड, पण खोलीत बसलेल्याला वाटलं मैदानावर गोल दिलाय, म्हणून तो "चेक कंप्लीट" म्हणाला आणि खेळ सुरू झाला. लिव्हरपूल २-१ हरलं. मशीन बरोबर, माणूस चुकला, मान्य. पण ती चूक दोन माणसं एकमेकांशी अर्धवट बोलली याची होती, तिला उपाय स्पष्ट बोलायची शिस्त आणि खोलीतलं बोलणं लोकांना ऐकवणं, आणि त्या प्रकरणात ऑडिओ बाहेर काढावा लागला हे चांगलंच झालं. प्रीमियर लीगचाच आकडा सांगतो, की व्हीएआरआधी मोठे निर्णय ८२ टक्के बरोबर असायचे आणि नंतर ९६ टक्के. हे ९६ टक्के माणूस आणि मशीन मिळून आलेत. जून २०२४ मध्ये वुल्व्हज क्लबने व्हीएआर काढायचा ठराव आणला तेव्हा तो १९ विरुद्ध १ असा पडला, म्हणजे सगळ्यात जास्त शिव्या घालणाऱ्या क्लबांनाही तो हवाय. आमच्या बंदरातल्या प्रत्येक ट्रॉलरवर जीपीएस आणि फिशफाइंडर आहे, म्हणून कुणी तांडेलाला (बोट चालवणाऱ्या कप्तानाला) घरी बसवलेलं नाही.

विकलेल्या रेफरींबद्दल थोडक्यात. झालंय, नाकारत नाही. जर्मनीचा रॉबर्ट हॉयझर २००५ मध्ये सापडला आणि जेलमध्ये गेला. पण त्याच्याबद्दल तक्रार कुणी केली होती? त्याच्याच बरोबरच्या रेफरींनी. इटलीत २००६ मध्ये युव्हेंटसला खाली उतरवलं, तिथे मूळ भानगड क्लबवाल्यांनी आपल्याला हवा तो रेफरी लावून घेण्याची होती. मशीन आली तरी ती कुणाची घ्यायची, कुणी चालवायची हे कुणीतरी ठरवणारच, आणि पैसा तिथे जाईल.

आणि राहिलं ते स्वस्त एआय. कतारच्या २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये ऑफसाइडसाठी स्टेडियमच्या छताला १२ कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ पॉइंट सेकंदाला ५० वेळा टिपायचे, बॉलमधला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा डेटा पाठवायचा. आयएसएलला २०२४-२५ पर्यंत साधा व्हीएआर परवडला नाही. आमच्याकडे लाईट जनरेटरवर, जाळी मच्छीमारांकडून मागून आणलेली, आणि रेफरीला नाश्ता, जेवण आणि पाकिटात थोडे पैसे, तेही फायनलनंतर आठवण केली तर. आमच्याकडचा एक चांगला पोरगा, पळायला तयार, नियम पाठ, रेफरीचा कोर्स करायला स्वतःच्या खर्चाने जिल्ह्याबाहेर जाऊन आला, आणि एका सीझनमध्ये आईवरून शिव्या खाऊन त्याने शिट्टी ठेवली. रेफरी वाईट आहेत म्हणून ओरडायचं आणि चांगला होऊ बघणाऱ्याला असं पळवून लावायचं, वर त्यालाच "आता तुझी गरज नाही" असा मेसेज पाठवायचा, याचा मला मनापासून राग येतो.

परवडणारी टेक्नॉलॉजी खरंच हवी असेल तर फिफाने २०२४ पासून वापरायला घेतलेला फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट बघा. वेगळी खोली नाही, खोलीत बसलेला दुसरा रेफरी नाही, थोडेच कॅमेरे, प्रत्येक कोचला मॅचमध्ये दोन वेळा व्हिडिओ बघायची मागणी करायची मुभा, मागणी खरी ठरली तर ती शिल्लक राहते, आणि स्क्रीनवर बघून निर्णय देतो तो मैदानातला रेफरीच. २०२४ च्या मुलींच्या अंडर-२० वर्ल्ड कपला कोलंबियात हे वापरलं. यातलं थोडं आपल्या गावात पण जमतं. दोन्ही गोलच्या मागे स्टँडवर एकेक मोबाईल, लाईन दिसेल असा लावलेला, टीमला एकच अपील, बघणार रेफरी, आणि निर्णय दिला की कॅप्टनने तो आपल्या पोरांना सांगायचा. यंदाच्या स्पर्धेच्या मीटिंगला मी हे मांडणार आहे, आणि त्याच कागदावर रेफरीचं मानधन पहिल्या मॅचच्या आधी द्यायचं हेही लिहून घेणार आहे. ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला त्यांनी मीटिंगला यावं, मोबाईल स्टँडला लावायला माणसं लागणारच आहेत.