नववीने उगवलेला सूड

शाळेत नववीइतकी दुर्लक्षित इयत्ता दुसरी नाही. आठवीला निदान स्कॉलरशिप असायची. दहावीचं तर विचारूच नका. घरातला टीव्हीसुद्धा तिच्या परवानगीने लागतो. नववीबद्दल मात्र पालकसभेत एकच वाक्य ऐकू येतं, "बाई, या वर्षी जरा हुंदडू दे, पुढच्या वर्षी जुंपायचंच आहे घाण्याला." मी या नववीची वर्गशिक्षिका, आणि विषय भूगोल. दुष्काळात तेरावा महिना.

भूगोलाची कथा आधी सांगते. 2020 च्या मार्चमध्ये दहावीचे बाकी पेपर उरकले आणि 23 तारखेचा भूगोल तेवढा कोरोनात अडकला. आधी पुढे ढकलला, मग रद्द. मुलांना इतर विषयांच्या सरासरीने गुण मिळाले. माझ्या नोकरीतला भूगोलाचा सगळ्यात झकास निकाल हा न झालेल्या पेपरचा आहे. "तुमचा निकाल यंदा आम्ही लावला हं बाई," असं गणिताचे सर चहा पिताना म्हणाले, आणि ते खरंच होतं.

पुढच्या वर्षी अख्ख्या दहावीचाच भूगोल झाला. 29 एप्रिल 2021 ला सुरू व्हायची परीक्षा आधी जूनवर गेली आणि आठवड्याभरात रद्दच झाली. मेअखेर शासनाचं सूत्र आलं. शंभरातले 30 गुण दहावीच्या वर्षभराच्या लेखी मूल्यमापनाचे, 20 तोंडी-प्रात्यक्षिक वगैरेचे, आणि उरलेले 50 नववीच्या निकालावरून.

नववीच्या! मी ते परिपत्रक मोबाइलवर बोटांनी मोठं करून पुन्हा वाचलं. आणि मग लक्षात आली खरी गंमत. या मुलांची नववी म्हणजे 2019-20. त्या वर्षी दुसऱ्या सत्राची परीक्षाच टाळेबंदीने खाल्ली होती. निकाल लागला तो पहिल्या सत्राच्या जोरावर. म्हणजे 2021 ची दहावी बरीचशी 2019 च्या दिवाळीच्या सुमारास लिहून झाली होती. लिहिणाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

फोन सुरू झाले. पहिल्या सत्रात अर्ध्या वर्गाला डेंग्यू झाला होता, ही माहिती मला दीड वर्षाने मिळाली. उरलेल्या अर्ध्याच्या मामांची लग्नं त्याच आठवड्यात होती. एका वडिलांनी "तेव्हा तो मनाने शाळेत नव्हता" असं कारण दिलं. ते मात्र मला शंभर टक्के पटलं, कारण तो मुलगा मनाने शाळेत असल्याचा पुरावा पहिलीपासून कुणाकडेच नाही. त्याची उत्तरपत्रिका कपाटात सापडली. पुरवणीच्या मागच्या पानावर त्याने विश्वचषकाची सेमीफायनल कशी जिंकता आली असती याचा षटकागणिक हिशेब मांडला होता. हिशेब अचूक होता. पुढच्या पानावर ब्रह्मपुत्रा अरबी समुद्राला मिळत होती.

तोंडी राहिलेल्यांची तोंडी फोनवर घ्यायची ठरली. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना असते.

"ब्राझीलमधलं सर्वांत उंच शिखर कोणतं?"

"हॅलो? मॅडम, आवाज तुटतोय."

"शिखर, शिखर!"

मागून पानं उलटल्याचा आवाज, मग एक म्हातारा, थरथरता स्वर, "पिको दी नेब्लीना म्हण!"

"पिको दी नेब्लीना," मुलगा म्हणाला.

उच्चार आजींचा जास्त स्वच्छ होता. गुण कुणाला द्यायचे याबद्दल परिपत्रकात अवाक्षर नव्हतं. मी मुलाला दिले आणि आजींना मनातल्या मनात पैकीच्या पैकी.

मग निकाल समितीच्या बैठका. मास्क लावून एका बाकावर एक असे बसून आम्ही गुणांवर खल करायचो. नववीत 81 असतील तर निम्मे साडेचाळीस, आणि त्या अर्ध्या गुणाचं काय करायचं यावर मुख्याध्यापक, गणित आणि मराठी यांच्यात जी चर्चा झाली तशी सीमाप्रश्नावरही होत नसेल. मराठीच्या बाई म्हणाल्या, देऊन टाका, गरीब आहे. कोण गरीब, मुलगा की अर्धा गुण, हे शेवटपर्यंत कळलं नाही. कुणीतरी इंग्लंडची आठवण काढली. तिथे 2020 च्या ऑगस्टमध्ये बारावीच्या तोडीच्या परीक्षेत शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी संगणकाच्या सूत्राने तपासल्या. जवळजवळ 40 टक्के श्रेणी खाली घसरल्या, पोरं रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली. मुख्याध्यापकांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. फाटकाशी दोन पालक उभे होते. "द्या अर्धा," ते म्हणाले.

16 जुलैला निकाल लागला. मुलांकडे हॉलतिकीटच नव्हतं, त्यामुळे आपला बैठक क्रमांक काय, हे शोधण्यापासून सुरुवात. दुपारी 1 वाजता सगळा महाराष्ट्र एकदम संकेतस्थळावर गेला आणि संकेतस्थळ बसलं ते तासन्‌तास उठलं नाही. उठलं तेव्हा राज्याचा निकाल होता 99.95 टक्के. 957 जणांना शंभर टक्के. माझं कुतूहल मात्र त्या उरलेल्या 0.05 टक्क्यांबद्दल आहे. परीक्षा नसताना पास न होणं याला काहीतरी विशेष गुण लागत असले पाहिजेत, आणि ते कोणत्याच तक्त्यात बसत नाहीत.

इतक्या सगळ्यांना इतके गुण, तर अकरावीला घ्यायचं कुणाला? म्हणून 21 ऑगस्टला सीईटी ठरली. परीक्षा रद्द केल्याने जो घोळ झाला तो निस्तरायला परीक्षा. आमच्या सेमीफायनलवाल्याने म्हणे पहिल्यांदाच पुस्तक उघडलं. 10 ऑगस्टला उच्च न्यायालयाने सीईटीही रद्द केली. त्याने पुस्तक मिटलं. नंतर भेटला तेव्हा म्हणाला, "मॅडम, मी या वेळी खरंच तयारी केली होती." चेहऱ्यावरून खरं वाटत होतं, म्हणून मी ब्रह्मपुत्रा कुठे मिळते ते विचारलं नाही.

नववीला मात्र तेव्हापासून सोन्याचे दिवस आलेत. साध्या घटक चाचणीला पालक हात जोडून विचारतात, "बाई, ही पुढे धरणार का?" गेल्या आठवड्यात एक आई आल्या. मुलगी आठवीत. हातात जाडजूड फाइल, त्यात सहावीपासूनच्या सगळ्या उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स, वर लॅमिनेशन.

"असू द्यात," त्या म्हणाल्या, "कधी कुठली इयत्ता काढतील, सांगता येत नाही."