मुलगी चित्रं काढायलीय? वेळीच आवरा

मुलगी पंधरा वर्षांची झाली, भूमितीची वही मागच्या पानापासून भरत आलीय आणि जेवताना कडक भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ती खिडकीबाहेर बघत बसते? घाबरू नका. सोलापुरात हा आजार अजून आटोक्यात ठेवता येतो.

दर दहा मिनिटांनी ‘काय करायलीस गं?’ असं विचारत राहा. ‘विचार करायलीय’ म्हणाली, तर ‘भांडी घासत कर की’ म्हणा.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मात्र जरूर बसवा. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात; चित्रकलेचा याहून मोठा उपयोग आपल्या नात्यात कुणाला सापडलेला नाही. स्मरणचित्रात ती आपल्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा काढेल. बाराबंदी घातलेला माणूस, हातात नंदीध्वज आणि त्याच्या मानेची ताठरलेली शीर. इतकी वर्षं यात्रेला जाऊन तुम्हाला ती शीर कधी दिसली नाही, म्हणजे चूक तिचीच. निकाल लागला की रंग माळ्यावर.

रुखवत, गणपतीची आरास, चुलतभावाचा प्रोजेक्ट, ही कामं मात्र तिच्याकडून करून घ्या. फुकट असते तोवर कला घरात शोभून दिसते.

कुणीतरी पाहुणा एम. एफ. हुसेन पंढरपूरचे, 1915 सालचा जन्म, असं सांगून तिला फूस लावेल. लगेच म्हणा, ‘सिनेमाची बोर्डं रंगवायचे ते मुंबईत.’ आणि तिथंच थांबा. त्यांचं 1954 सालचं ‘ग्राम यात्रा’ 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 118 कोटींना गेलं, हे पुढं बोलू नका. एवढे पैसे म्हटल्यावर ते चित्र राहत नाही, प्लॉट होतो, आणि प्लॉटबद्दल आपल्याकडे सगळेच आदरानं बोलतात.

मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाचं नाव तर घरात नकोच. 1857 पासून तिथं हेच शिकवतात, तरी सरकारनं अजून बंद केलेलं नाही. त्यातून चित्रकलेच्या पदवीलाही सीईटी द्यावी लागते, हे आजीच्या कानावर गेलं तर संपलंच. ज्याला सीईटी असते ते खरं शिक्षण, अशी आजीची पक्की समजूत आहे.

पण खरा धोका अंथरुणावर आहे. आपली चादर. एका बाजूला लाल ते उलट्या बाजूला पांढरं का, असं तिनं विचारलं, तर ‘पांघर आणि झोप’ म्हणा. नाहीतर तिला कळेल की चादरीवरचा मोर आधी कुणीतरी चौकटीच्या कागदावर घर घर मोजत काढायचा. मग त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. जकार्डच्या मागावर भोक आलं की ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर, नाही तर खाली. आता हे कॉम्प्युटरवर होतं, पण मोराची मान किती वाकवायची ते अजून माणूसच ठरवतो. ज्या चादरीवर आपण गावाबाहेर मिरवतो, ती अशी कुणाच्या तरी रेघोट्यांवर विणली जाते, ही माहिती विणकरांच्या पूर्व भागातच राहिलेली बरी. पोरगी सायकल घेऊन तिकडं अशोक चौकाकडे जास्त जायला लागली, तर क्लासची वेळ बदला.

इतकं करूनही एखाद्या संध्याकाळी ती चौकटीचा कागद पुढं करेल. त्यावर मोर नसेल. चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी मांडलेल्या घागरींची रांग असेल, काठाला एकेक उपडी. ‘असली चादर चालेल का?’ म्हणेल. नीट बघू नका. ‘धुतल्यावर रंग जातो का?’ एवढंच विचारा. ‘सूत आधी रंगवतात, पक्का रंग असला तर जात नाही’ असं तिनं सांगितलं, तर समजा की ती रंगाईवाल्याकडेही जाऊन आलीय आणि तुमच्या हातात आता फारसं काही उरलेलं नाही.

तरी पहिली चादर फुकट मागून ठेवा. घरचीच आहे पोरगी.