गच्चीवरच्या उन्हात लाकूड वाळत नाही, तडकतं

सुट्ट्या लागल्या की जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘घरच्या घरी सुतारकाम’ नावाचा मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लाखभराची मशिनं घ्या, नसतील तर ग्राइंडरला दातेरी पातं बसवा, काम तेच. लाकूड घ्यायचं तर सागच. आपल्याकडे ४५ अंशांचं ऊन, ओल्या फळ्या गच्चीवर टाका, आठ दिवसांत वाळतात. सांधे कोरत बसू नका, फेविकॉल आणि स्क्रू बस्स. आणि भुसा नैसर्गिक असतो, त्याने काही होत नाही.

आधी ग्राइंडर, कारण बाकीच्या चुकांनी लाकूड वाया जातं, ह्या चुकीने बोटं जातात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. तो लोखंड कापायला, घासायला केलेला आहे. दातेरी पात्याचा एक दात गाठीत अडकला की अख्खं यंत्र हातातून उसळतं. गोल करवतीच्या मशीनला खाली पाट असतो, पातं झाकणारं झाकण असतं. ग्राइंडरला लाकडावर टेकायला काहीच नाही. शिवाय पात्यावर कमाल फेरे छापलेले असतात आणि ते ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा कमी असले तर पातं फुटू शकतं. दुकानदार ‘बसतंय ना’ म्हणतो. बसतं, एवढंच.

लाखाच्या मशिनांचंही तसंच. करवत, रंधा, दोन पटाश्या, काटकोन बघायचा गुण्या, चार क्लॅम्प आणि धार लावायचा दगड यांत स्टूल, पाट, पुस्तकांची मांडणी सगळं होतं. वाकडीतिकडी फळी रोज सरळ करायची असेल तर प्लेनर मशीन खरंच कष्ट वाचवतं, ते मान्य. पण बोथट पटाशीवाल्याने मशीन घेतलं तरी त्याच्या पात्याला धार लावावीच लागते.

आता ऊन. मेसेज लिहिणाऱ्याला बहुतेक कपडे वाळवायचा अनुभव असावा. फळीची टोकं बाकी अंगापेक्षा कितीतरी लवकर ओल सोडतात. टोक आकसतं, मधलं अंग ओलंच राहतं आणि फळी टोकाकडून तडकते. रावेर-यावलच्या मे महिन्यात तर त्याला एक दुपारही पुरते. रीत उलटी आहे: सावली, खेळता वारा, दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, टोकांना जुना ऑइलपेंट. इंचभर जाडीला साधारण वर्ष हा जुना अंदाज आहे. आपल्या कोरड्या हवेत थोडं लवकर होईल, पण हिशोब महिन्यांचाच.

आणि वाळलेलं लाकूडही स्वस्थ बसत नाही. मेमध्ये आकसतं, श्रावणात फुगतं. फूटभर रुंदीची सागाची फळी आडव्या अंगाने तीन-चार मिलिमीटर सहज हलते. लांबीत जवळपास काहीच नाही. पावसाळ्यात अडकणारा ड्रॉवर आणि उन्हाळ्यात फट पडणारं दार ह्यातूनच येतं. म्हणून मेजाच्या पाट्याला (वरच्या फळीला) खालून आडव्या पट्ट्या फेविकॉलने आणि स्क्रूने गच्च केल्या की पाटा मधून चिरतो. पट्टीतली स्क्रूची भोकं लांबट ठेवा, पाट्याला हलू द्या. फेविकॉलवर राग नाही. दोन फळ्यांच्या लांब कडा त्याने जोडल्या तर लाकूड आधी तुटेल, सांधा नंतर. पण कापलेल्या टोकावर तो शोषला जातो आणि पकड कच्ची राहते. स्टुलाच्या पायाला कुसू, म्हणजे भोकात घट्ट बसणारं टोक, कोरावंच लागतं.

सागच हवा? साग उत्तम, कमी हलतो, वाळवीला दाद देत नाही. पण त्यात सिलिका, म्हणजे वाळूसारखे कण असतात, ते धार खातात. आपल्या शेतातली बाभूळ काय वाईट? वखर-तिफण, गाडीची चाकं, कुऱ्हाडीचे दांडे तिचेच व्हायचे. आतलं तांबूस लाकूड टिकाऊ; बाहेरचं फिकं काढून टाका, भुंगा तिथूनच शिरतो. ती ओली असतानाच घडवायला सोपी, वाळली की रंध्याला जुमानत नाही. भरताची वांगी कुटायला बडगी, म्हणजे लाकडी भांडं, करायची तर लाकूड असं घट्टच लागतं. निंबही चालतो, फक्त त्याचे रेषे उलटसुलट असल्याने रंध्याचं पातं अगदी कमी बाहेर काढून, दोन्ही बाजूंनी फिरवून बघावं. अंजन मात्र नवशिक्याने हाती घेऊ नये, दगडासारखं जड असतं. जळगाव एमआयडीसीजवळच्या भंगारातले पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी, हेही स्वस्त पडतात. शिक्क्यात ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेलं लाकूड, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. दुसरं घरात आणू नका.

राहिला भुसा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, मुख्यतः नाकाच्या कर्करोगासाठी. हा पुरावा बहुतेक कारखान्यांत वर्षानुवर्षं राबणाऱ्यांवरचा आहे, रविवारच्या हौशी माणसाने घाबरून रंधा टाकायची गरज नाही. रंध्याची सालपटं नाकात जात नाहीत, सँडरची, म्हणजे पॉलिशपेपरने घासणाऱ्या मशीनची, बारीक धूळ जाते. सँडर चालवायचा तर अंगणात, आणि तोंडाला रुमाल नव्हे, एन-९५ मास्क.